वाचकांचे प्रश्न : समुद्र वर येतोय, वस्तीने तयारी कशी करावी?

समुद्रपातळीच्या वाढीबद्दल किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : समुद्राची पातळी वर्षाला चार-पाच मिलिमीटरने वाढते असे वाचले. म्हणजे माझ्या हयातीत ती फार तर वीतभर वाढेल. मग इतकी घाई कशाला?

उत्तर : सरासरी पातळीने कुणाचे घर बुडत नाही. घर बुडते ते उधाणाची भरती, किनाऱ्याकडे ढकलणारा वारा आणि उतरलेला हवेचा दाब हे तिन्ही एकाच वेळी आले की. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी साधारण १ सेंटिमीटर वर येते. वादळात दाब ३० हेक्टोपास्कलने उतरला, तर वारा आणि लाटा सोडूनच ३० सेंटिमीटर पाणी चढलेले असते. हे सगळे सरासरी पातळीच्या डोक्यावर बसते. त्यामुळे सरासरी वीतभर वाढली की पूर्वी कधीतरी येणारे पाणी वरचेवर येऊ लागते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालानुसार, आज शंभर वर्षांतून एकदा गाठली जाणारी पातळी २१०० पर्यंत जगातल्या निम्म्याहून अधिक भरतीमापन केंद्रांवर वर्षातून किमान एकदा गाठली जाईल.

वेगही स्थिर नाही. १९०१ ते १९७१ या काळात वाढ वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होती, २००६ ते २०१८ मध्ये ती ३.७ झाली. १९९५ ते २०१४ च्या सरासरीशी तुलना केली तर २१०० पर्यंतचा अंदाज उत्सर्जन लवकर आवरले तर ३२ ते ६२ सेंटिमीटर, फार वाढू दिले तर ६३ सेंटिमीटर ते सुमारे १ मीटर असा आहे. ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचे बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर ढासळले तर यापेक्षा जास्त वाढीची शक्यताही तो अहवाल फेटाळत नाही.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात : जमीनही खचते. भूजलाच्या बेसुमार उपशामुळे टोकियोचे काही भाग विसाव्या शतकात चार मीटरहून जास्त खचले. उपशावर निर्बंध आले तेव्हा ते खचणे बहुतांशी थांबले. तुमच्या दारातली वाढ म्हणजे समुद्राचे चढणे अधिक जमिनीचे खचणे, आणि यातला दुसरा आकडा काही ठिकाणी पहिल्याच्या कितीतरी पट असतो. तो निदान आपल्या हातात तरी आहे.

प्रश्न : इंटरनेटवरच्या एका नकाशात २०५० साली आमची अर्धी वस्ती निळी दाखवली आहे. दुसऱ्या नकाशात एकही घर बुडत नाही. नियोजन कोणत्या नकाशावर करायचे?

उत्तर : घराघरांचे नियोजन करायचे असेल तर कोणत्याच नाही. दोन नकाशांत फरक पडतो तो बहुतेक वेळा समुद्रामुळे नव्हे, जमिनीच्या उंचीच्या मोजणीमुळे. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेली एसआरटीएम ही मोजणी अजूनही अनेक नकाशांच्या तळाशी आहे. त्या रडारला झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही जमीनच वाटतात, म्हणून दाट झाडीच्या किंवा दाट वस्तीच्या किनाऱ्यावर उंची दोन-दोन मीटरने जास्त दिसू शकते. ज्या वाढीचा विचार आपण सेंटिमीटरमध्ये करतोय, तिच्यासाठी मीटरची चूक असलेला नकाशा काय कामाचा? शिवाय असे नकाशे ताटात पाणी ओतावे तसे पाणी सपाट पसरवतात. बांध, मोरी, लाट, वारा, भरती किती तास टिकते, यातले काहीच त्यांच्या हिशेबात नसते. आधी कुठे मोजायला जायचे, एवढे ठरवायला ते पुरतात.

त्याऐवजी वस्तीने स्वतःची उंचीची यादी करावी. हे काम वाटते तितके अवघड नाही आणि पुढचे सगळे निर्णय याच यादीवर उभे राहतात.

सुरुवात पाण्यापासून. लाटांचा मारा कमी असलेली जागा निवडा, धक्क्याचा खांब किंवा पुलाचा पाया. तिथे एक-एक सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी उभी पक्की करा. आजवर माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या पाण्याच्याही वर निदान अर्धा मीटर ती गेली पाहिजे. पाणी हलत असल्यामुळे वाचन चुकते, म्हणून शेजारी तळ बंद असलेला पीव्हीसी पाइप उभा करून त्याला खाली एकच लहान भोक ठेवावे. भोकाचा व्यास पाइपच्या व्यासाच्या साधारण एक दशांश असला की आतले पाणी लाटांनी उसळत नाही, पण भरतीबरोबर बिनदिक्कत चढते-उतरते. शिंपले आणि शेवाळ बसून हे भोक बुजते. ते दर महिन्याला साफ केले नाही तर पट्टी खोटे बोलू लागते, आणि खोटे बोलतेय हे कळतही नाही.

पट्टी ज्या खांबावर आहे तो खांबच खचत असेल तर? म्हणून जवळच्या पक्क्या खडकावर किंवा जुन्या, न हललेल्या बांधकामावर तीन स्वतंत्र खुणा कोराव्यात आणि वर्षातून एकदा लेव्हल यंत्राने (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने) पट्टीचे शून्य त्या तिन्हींशी ताडून पाहावे. एक खूण हलली तर बाकीच्या दोन ते सांगतील. दोनच खुणा असतील तर कोणती हलली हे ठरवता येत नाही.

मग याच खुणांवरून वस्तीतल्या महत्त्वाच्या उंच्या घ्या : रस्त्याचा सर्वांत खोलगट बिंदू, प्रत्येक मोरीचे समुद्राकडचे तोंड, बांधाचा सर्वांत बसलेला भाग, विहिरींचे कठडे, शौचालयांच्या टाक्यांची झाकणे, शाळेचे आणि दवाखान्याचे जोते, विजेच्या पेट्यांचा तळ. लांबच्या अंतरासाठी लेव्हल यंत्र भाड्याने आणावे. जवळजवळच्या घरांसाठी गवंड्यांची पारदर्शक लेव्हल-नळीही चालते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. जुन्या पुराच्या खुणा विचारताना एक खबरदारी घ्या : लोक अनेकदा लाटेचा शिंतोडा जिथवर पोचला ती उंची सांगतात. घराच्या आतल्या भिंतीवरची ओल किंवा गाळाची रेघ जास्त विश्वासार्ह, कारण आत लाट नसते.

ही यादी खालून वर लावली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट समोर येते. आधी मोऱ्यांची तोंडे बुडतात, मग रस्ता, मग शौचालयाच्या टाक्या. घराचे जोते बरेच नंतर. म्हणजे घरात पाणी शिरण्याच्या कितीतरी वर्षे आधी वस्ती राहण्याजोगी उरत नाही. नियोजन जोत्यापासून सुरू करणारे इथेच फसतात.

प्रश्न : भरतीच्या छापील तक्त्यातला आकडा आणि आमच्या पट्टीवरचा आकडा कधीच जुळत नाही. पट्टी चुकली का?

उत्तर : बहुधा नाही. तक्त्याचे शून्य जहाजांच्या सोयीसाठी नीचतम ओहोटीच्या आसपास धरलेले असते, आणि जमीन मोजणीचे शून्य वेगळे असते. दोन्ही शून्यांमधला फरक एकदा नीट काढून पट्टीवर रंगवून ठेवा आणि कोणत्याही कागदावर उंची लिहिताना कुठल्या शून्यापासून ते लिहा. बांध चुकीच्या उंचीचा बांधला जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. फरक काढूनही रोज थोडी तफावत राहीलच. ती वारा आणि हवेचा दाब यांची असते, म्हणून नोंदवहीत वेळ आणि पाण्याबरोबर या दोन्हींचे रकाने ठेवावेत. दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून मात्र ‘समुद्र इतका चढला’ असे म्हणू नये. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्राने भरतीची उंची आपोआप कमी-जास्त होत असते, त्यामुळे कल ओळखायला एकोणीस वर्षांची सरासरी बघण्याची पद्धत आहे.

प्रश्न : योजना किती वर्षांची करावी? अंदाजच जर ३० सेंटिमीटर ते १ मीटर असा पसरट असेल, तर कोणता आकडा धरायचा?

उत्तर : आकडा सालाशी बांधू नका, पाण्याच्या उंचीशी बांधा. ‘२०४० मध्ये रस्ता उचलू’ असे लिहिण्याऐवजी ‘पाणी अमुक खुणेला लागले की रस्ता उचलण्याचे काम हाती घेऊ’ असे लिहायचे.

एक हिशेब करून पाहू. रस्त्याचा सर्वांत खोलगट भाग आजच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरतीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे. मोजणी, मंजुरी, निधी, जमीन आणि प्रत्यक्ष काम यांना १५ वर्षे लागतात असे धरा. पाणी वर्षाला ५ मिलिमीटरने चढत असेल तर या १५ वर्षांत ते ७.५ सेंटिमीटर चढेल, म्हणजे निर्णयाची खूण २२.५ सेंटिमीटरवर येते. वेग १० मिलिमीटर असेल तर तीच खूण १५ सेंटिमीटरवर उतरते. आमच्या मते खूण नेहमी वेगवान अंदाजाने ठरवावी. लवकर सुरुवात केली तर खर्च थोडा आधी होतो, एवढेच. उशीर झाला तर मधली काही वर्षे पाण्यातून ये-जा करावी लागते.

लंडनची टेम्स मुखाची योजना, टेम्स एस्च्युअरी २१००, याच धर्तीवर बेतलेली आहे. समुद्र किती चढला, जुने बांध किती थकले, भरतीचे पाणी अडवणारे नदीवरचे दरवाजे वर्षाला किती वेळा बंद करावे लागतात, यावर नजर ठेवायची आणि त्यावरून पुढचा टप्पा कधी घ्यायचा ते ठरवायचे. टेम्सचा दरवाजा १९८२ पासून वापरात आहे. २०१३-१४ च्या एका हंगामात तो ५० वेळा बंद करावा लागला. दरवाजा सारखा बंद राहू लागला की दुरुस्तीला वेळ उरत नाही आणि जहाजेही अडतात, म्हणून ही संख्याच एक खूण ठरते. लहान वस्तीलाही अशी खूण निवडता येते : वर्षात किती दिवस रस्त्यावर पाणी होते? पाच झाले की आराखडा, पंधरा झाले की काम.

आज करायचे ते एवढेच की पुढची वाट बंद होऊ द्यायची नाही. बांधाच्या मागची पट्टी मोकळी ठेवा, म्हणजे पुढे बांध रुंद करता येईल. नवे जोते घालताना पाया पुढच्या वाढीव भाराचा धरा. या गोष्टींना आज फारसा खर्च नाही. पंधरा वर्षांनी त्याच पट्टीवर घरे उभी असतील तर त्याच गोष्टी अशक्य होतात.

प्रश्न : लाटा थेट वस्तीच्या कुंपणाला लागतात. दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालायचा आहे. दगड किती मोठे लागतील?

उत्तर : दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट जड लागतो. अभियंते प्राथमिक अंदाजासाठी हडसनचे सूत्र वापरतात. उताराचे प्रमाण उभे १ आडवे २, ओबडधोबड खाणीचा दगड दोन थरांत, आणि लाट बंधाऱ्यावरच फुटणारी असे धरले, तर १ मीटरच्या लाटेला साधारण १७० किलोचा आणि २ मीटरच्या लाटेला साधारण १,३३० किलोचा दगड लागतो.

आता समुद्रपातळीचा संबंध इथे येतो. उथळ किनाऱ्यावर लाट किती मोठी राहू शकते हे पाण्याची खोली ठरवते. साधारण खोलीच्या ०.७८ पट झाली की ती फुटते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मोठ्या भरतीत १.५ मीटर पाणी असेल तर १.१७ मीटरची लाट पोचेल आणि दगड सुमारे २६५ किलोचा लागेल. पाणी अर्ध्या मीटरने वाढून खोली २ मीटर झाली की लाट १.५६ मीटरची होते आणि दगड ६३० किलोचा! समुद्र अर्धा मीटर चढला तर बंधारा अर्धा मीटर उंच करून भागत नाही, कारण जुने दगड त्या लाटेपुढे टिकणारच नाहीत. पायथ्याची वाळू उकरली गेली तरी खोली वाढते आणि परिणाम तोच होतो. हे आकडे अंदाज येण्यापुरते आहेत. आराखडा स्थानिक लाटा मोजूनच व्हायला हवा.

असे बंधारे पडतात ते क्वचितच वरून. सगळ्यात मोठा दोष असतो गाळणथराचा. मोठे दगड थेट मातीवर रचले की प्रत्येक परतणारी लाट फटींतून मागची माती ओढून नेते, वरून सगळे शाबूत दिसते आणि एके दिवशी मधला भाग खचतो. म्हणून मातीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे), त्यावर मुख्य दगडाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या वजनाचे लहान दगड, आणि मग मुख्य थर. मोठे दगड उंचावरून कापडावर टाकले तर कापड फाटते. ते खाली टेकवूनच ठेवावे लागतात. पायथा वाळूच्या आजच्या पातळीवर ठेवला तर पहिल्याच खवळलेल्या हंगामात त्याखालची वाळू निघून जाते. वरून उसळून आलेले पाणी मागे साचले तर ते मागून माती पोखरते, त्याला बाहेर जायला वाट हवी. आणि बंधारा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याच्या जमिनीची धूप वाढते. हे शेजाऱ्याला आधी सांगितलेले बरे.

समोरची पुळण मात्र हळूहळू जाईल हे गृहीत धरा. पुळण मागे सरकून टिकते, आणि मागे भिंत असली की तिला सरकायला जागा नसते. पुळण टिकवायची असेल तर वाळू टाकणे हा उपाय आहे, पण तो पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि मोठ्या प्रमाणात केला तरच परवडतो. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेग शहराजवळ ‘झांडमोटर’ नावाने एकदम २.१५ कोटी घनमीटर वाळू टाकली आणि ती वारा-लाटांनी किनाऱ्यावर पसरू दिली. वाळू मूळ वाळूइतकी किंवा थोडी जाड हवी. बारीक वाळू स्वस्त मिळते आणि तितक्याच लवकर वाहून जाते.

प्रश्न : शेताभोवतीचा मातीचा बांध दरवर्षी उंच करतो, तरी खारे पाणी येतेच. आणखी किती उंच करावा?

उत्तर : आधी मातीचा हिशेब बघा. २ मीटर उंच, माथा दीड मीटर रुंद, समुद्राकडे १:३ आणि आत १:२ उतार असलेल्या बांधाला दर मीटर लांबीला १३ घनमीटर माती लागते. तोच अडीच मीटर केला तर १९.४ घनमीटर. उंची पाव पटीने वाढली, माती जवळजवळ दीडपट झाली, पायाही अडीच मीटरने रुंदावला. ही रुंदी न वाढवता नुसता माथा चढवत गेल्यास उतार उभे होतात आणि बांध आपल्याच भाराने घसरतो. माती आतल्या बाजूला बांधाला लागूनच खणली तर पाण्याला बांधाखालून झिरपायला वाट मिळते. मातीचे थर १५-२० सेंटिमीटरचे टाकून प्रत्येक थर ठोकून घ्यावा. खेकड्यांची बिळे दिसली की खणून, ओली चिकणमाती भरून ठोकावी. तोंडावर नुसती माती टाकून उपयोग नाही.

पण खरी अडचण आतल्या जमिनीची आहे. बांधाने पाण्याबरोबर गाळही अडतो. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून बांधलेल्या पोल्डरांमधली (बांधांनी वेढलेल्या सखल पट्ट्यांमधली) काही जमीन बाहेरच्या भरतीपातळीच्या तुलनेत १ ते १.५ मीटर खाली गेल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. शेजारचे बांध नसलेले सुंदरबन मात्र गाळामुळे पाण्याबरोबर वर येत राहिले. २००९ मध्ये आयला वादळात बांध फुटले तेव्हा या खोलगट जमिनीवर पाणी दीर्घकाळ साचून राहिले. तिथल्याच भैना बिल नावाच्या सखल पाणथळ भागात लोकांनी १९९७ मध्ये बांध कापून भरती आत घेतली आणि काही वर्षांत गाळाने जमीन वर आली. गाळाने भरलेल्या खाडीवर तुमची जमीन असेल तर एकेक तुकडा आळीपाळीने भरतीला मोकळा करण्याचा विचार करावा. त्यासाठी त्या तुकड्याच्या मालकाला पीक बुडण्याची भरपाई आधी ठरवून द्यावी लागते. भरपाईशिवाय ही योजना पहिल्याच वर्षी भांडणात अडकते. खाडीच्या पाण्यात गाळच नसेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. बाटलीत पाणी भरून दिवसभर ठेवा, तळाला किती बसते ते दिसेल.

दुसरा मार्ग म्हणजे बांध मागे घेणे. इंग्लंडमध्ये मेडमेरी येथे २०१३ मध्ये ७ किलोमीटरचा नवा बांध आत बांधून पुढचा गोट्यांचा जुना बांध मुद्दाम फोडला. मधली जमीन खाजण झाली आणि लाट नव्या बांधाला पोचण्याआधीच मंदावू लागली. त्यामुळे मागचा बांध तितका भक्कम लागत नाही.

प्रश्न : खारफुटीची रोपे दोनदा लावली, दोन्ही वेळा मेली.

उत्तर : रोपे फार खाली, उघड्या चिखलावर लावली असावीत. तिथे जागा मोकळी असते, मालकीचा वाद नसतो, म्हणून सगळे तिथेच लावतात. खारफुटी साधारणपणे भरतीपट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे मध्यम समुद्रपातळीच्या वर वाढते. त्याखाली मुळांना हवा मिळत नाही. आधी जवळच्या जिवंत झाडांच्या मुळाशी पट्टी लावून उंची मोजा आणि लागवड त्याच उंचीवर करा. त्या उंचीवर जमीन असूनही रोपे आपोआप उगवत नसतील तर अडथळा शोधा. बहुतेकदा एखादा जुना बांध किंवा भराव भरतीचे पाणी अडवत असतो. तो कापला की बिया स्वतःच येतात आणि मोफत येतात.

लाटांनी धुपलेल्या चिखलाच्या किनाऱ्यावर आधी चिखल थांबवावा लागतो. इंडोनेशियात देमाक येथे खांबांच्या दोन ओळींमध्ये फांद्यांचे भारे दाबून भरलेली झिरपणारी कुंपणे लावली. लाट त्यातून जाताना मंदावते, गाळ मागे बसतो. फांद्या कुजतात आणि खांबांना किडे लागतात, त्यामुळे दुरुस्तीचे मनुष्यबळ नसेल तर ती लावू नयेत.

शंभर मीटर रुंद खारफुटी लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी करते. वादळाने चढलेले पाणी मात्र दर किलोमीटरला ५ ते ५० सेंटिमीटरच उतरते, म्हणून अरुंद पट्ट्याच्या भरवशावर वस्ती रिकामी करण्याची तयारी सोडू नये. पातळी वर्षाला ६ मिलिमीटरहून वेगाने वाढू लागली तर खारफुटीला ती गाठणे कठीण जाते. मागे सरकायला जागा असेल तरच ती टिकेल.

प्रश्न : पाऊस नसताना, नुसत्या उधाणाला गटारातून पाणी उलटे येते.

उत्तर : मोरीच्या तोंडाला एकमार्गी झडप बसवा. पाणी बाहेर जाऊ देणारी, आत येऊ न देणारी लोखंडी झडप स्वस्त असते, पण एक नारळ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की उघडीच राहते. रबरी चोचीची झडप कमी अडकते. काहीही बसवले तरी आत जाळी हवी आणि उधाणाच्या आदल्या दिवशी कुणीतरी ती बघायला जायला हवे. नाव ठरवून द्या, नाहीतर कुणीच जात नाही.

झडप बंद असताना पाऊस पडला तर? तो साठवायला जागा किंवा उपसायला पंप हवा. २० हेक्टर वस्तीवर झडप बंद असलेल्या सहा तासांत ४० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ७० टक्के वाहून आला, तर ५,६०० घनमीटर पाणी होते. तेवढे त्याच वेळात उपसायला सेकंदाला २६० लिटरचा पंप लागेल. निम्म्यासाठी तळे खणले तर निम्माच पंप पुरतो, म्हणून मोकळी खोलगट जागा भराव घालून विकू नये. समुद्र चढत जाईल तशी झडप जास्त वेळ बंद राहील, हेही धरून ठेवा. पंपाचा विजेचा बोर्ड यादीतल्या सर्वांत मोठ्या पाण्याच्या वर असावा. रस्ता उचलताना दोन्ही बाजूंच्या घरांचे पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा. नाहीतर समुद्राऐवजी रस्ताच घरात पाणी सोडतो.

प्रश्न : विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होते. विहीर खोल करावी का?

उत्तर : अजिबात नको. किनाऱ्याजवळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. स्थिर स्थितीत भूजल समुद्रपातळीच्या १ मीटर वर असेल तर गोड्या पाण्याचा थर सुमारे ४० मीटर खाली जातो. उलट, उपशाने पातळी १ मीटर उतरली की खालचे खारे पाणी त्याच प्रमाणात वर चढू पाहते. खोल खणणे म्हणजे त्याच्या भेटीला जाणे. एका मोठ्या पंपाऐवजी अंतरावर दोन-तीन उथळ विहिरी आणि प्रत्येकीतून थोडा थोडा, लांबवून उपसा हे चांगले. किरिबाटीच्या तारावा बेटावर आडव्या झिरप-नळ्या टाकून भूजलाचा वरचाच थर ओढतात.

विद्युतवाहकता (पाणी जितके खारे तितकी ती जास्त) मोजायचे खिशातले मीटर घ्या आणि दर पंधरवड्याला, उपशाआधी आणि उपशानंतर वाचन घ्या. समुद्राचे पाणी सेंटिमीटरला सुमारे ५०,००० मायक्रोसिमेन्स दाखवते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की चव नकोशी होते. उपशानंतरचा आकडा दर वेळी चढत असेल तर उपसा कमी करण्याची ती वेळ आहे. पिण्यापुरते छतावरून भागते. ५० चौरस मीटर छतावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि ८० टक्के गोळा झाला तर ४०,००० लिटर होतात.

विहिरीत समुद्राचे पाणी शिरलेच तर ती पुन्हा पुन्हा पूर्ण उपसू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हे अनेक ठिकाणी झाले. त्याने खालचे खारे पाणी वर आले आणि काही विहिरी ढासळल्या. वरचा गाळ काढा, एकदा बेताने उपसा करा आणि पावसाला वेळ द्या.

प्रश्न : सगळी वस्तीच हलवावी लागली तर?

उत्तर : वेळ लागतो, तोही भरपूर. पनामाच्या गार्दी सुगदुब बेटावरच्या लोकांची मुख्य भूमीवर जाण्याची चर्चा २०१० च्या सुमारास सुरू झाली आणि सुमारे ३०० घरांच्या नव्या वस्तीत ते २०२४ मध्ये गेले. फिजीतले वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्ये सुमारे २ किलोमीटर आत हलले. स्वतःचीच जमीन होती म्हणून ते तुलनेने सोपे गेले. त्यामुळे पहिले काम जमीन शोधणे नसून जमिनीचा हक्क कुणाच्या नावावर, कोणत्या अटींवर मिळणार हे लेखी ठरवणे. दुसरे काम म्हणजे तिथून बोटीपर्यंत, शेतापर्यंत पायी किती वेळ लागतो ते चालून बघणे. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला रोज दोन तास चालावे लागणार असेल, तर ते कुटुंब बोटीजवळ झोपडी बांधून पुन्हा किनाऱ्यावरच राहील आणि कागदोपत्री वस्ती हललेली दिसेल.

सगळ्यांनी एकदम हलण्याची गरजही नसते. शाळा, दवाखाना आणि पाण्याची टाकी दुरुस्तीला येतील तेव्हा जुन्या जागी पुन्हा न बांधता नव्या जागी बांधाव्यात. नवी लग्ने, वाटण्या यांची घरे तिकडे जावीत. जुन्या घरांना वरच्या मजल्याची परवानगी द्यावी, नवे जोते मात्र खालच्या पट्ट्यात पडू नये. आणि शौचालयाच्या टाक्या आधी तपासाव्यात. शोषखड्ड्याच्या तळाखाली निदान ६० सेंटिमीटर कोरडी माती राहिली नसेल तर ते पाणी न गाळता भूजलात जाते. पूर येणार असेल तर टाकी उपसून रिकामी करू नका. भूजल वर आले की रिकामी टाकी तरंगून वर येते आणि पाइप तोडते. ती भरलेली ठेवावी, झाकण घट्ट बसवावे, आणि पाणी ओसरून आजूबाजूची माती कोरडी झाल्यावरच उपसावी.